उत्तरेकडच्या गोलसमोरचं गवत

मी नेमकं काय काम करते, हे आण्णांना समजायला बरीच वर्षं लागली. आण्णा म्हणजे माझे वडील. मी शेतकी कॉलेजातून पदवी घेतली, पुढे शिकायला अमेरिकेत आले, इथवर त्यांना सगळं ठीक वाटत होतं. पण इथे येऊन मी गवतावर शिक्षण घेतलं आणि आता शिकागोच्या बाहेर एका छोट्या व्यावसायिक सॉकर क्लबच्या मैदानावर गवत वाढवते, हे ते गावात कुणाला सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "शेतीखात्यातच आहे, तिकडच्या."

त्यांचंही बरोबर होतं. कृष्णाकाठची आमची जमीन ऊस-हळदीची, आणि त्यांचं निम्मं आयुष्य त्या जमिनीतून हराळी खणून काढण्यात गेलेलं. एकदा फोनवर मी त्यांना सांगितलं, की इकडे दक्षिणेकडच्या राज्यांत खेळाच्या मैदानांवर मुद्दाम हराळी लावतात, तिच्या नवनव्या जाती काढतात.

पलीकडे आण्णा आधी खाकरले.

"आपणहून लावत्यात?" त्यांनी विचारलं.

"आपणहून."

"बरं," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले. आई धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मागे थांबली, त्यामुळे एकटेच. पहिला आठवडा कौतुकात गेला. मग त्यांचे हाल सुरू झाले. नवरा सकाळी आठला लॅपटॉप उघडून बसायचा. मुलगी शाळेतून आली की आजोबांच्या तीन प्रश्नांना इंग्रजीत तीन उत्तरं द्यायची आणि वर जायची. आण्णा खिडकीपाशी खुर्ची घेऊन पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायचे. एके दिवशी मी घरी आले तर त्यांनी सोसायटीच्या लॉनमधली सगळी पिवळ्या फुलांची रोपटी मुळासकट उपटून फाटकाशी ढीग घातला होता. शेजारची बाई त्या ढिगाकडे बघत उभी होती.

"आण्णा, कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"सांगायला कशाला पायजे? तण आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना कामावर न्यायला लागले.

आमचा क्लब देशातल्या सर्वांत वरच्या लीगच्या एक पायरी खाली खेळतो. स्टेडियम लहान आहे, मैदान सांभाळणारी माणसंही तीनच. आमचा हेड आयोवातल्या शेतकरी घरातला, मोजकं बोलणारा. दुसरा सहकारी साठीचा, तीस वर्षांपूर्वी मेक्सिकोहून आलेला. कापणीचं यंत्र त्याच्याइतकं सरळ कुणालाच चालवता येत नाही. आणि तिसरी मी. मोजमापं माझ्याकडे: मातीतली ओल, मुळांची खोली, गवताची उंची, रोगराई. हेडला आण्णांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅचच्या दिवशी नाही. बाकी कधीही आण. फक्त यंत्रांपासून लांब."

आण्णा पहिल्यांदा मैदानाच्या कडेला आले, चपला काढल्या आणि खाली बसून त्यांनी दोन बोटं गवतात खुपसली.

"ही माती न्हाई. वाळू आहे."

"वाळूच आहे. पाणी झरझर निघून जावं म्हणून."

"मग ह्यात उगवतं कसं?"

"आम्ही उगवायला लावतो."

ते हसले नाहीत, पण उठून अख्ख्या मैदानाला कडेकडेने एक फेरी मारून आले. शेतावर बांधावरून मारायचे तशी.

मेक्सिकन सहकाऱ्याशी त्यांची मैत्री कशी झाली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दोघांची भाषा वेगळी, इंग्रजी एकाला थोडं, दुसऱ्याला अजिबात नाही. पण तो गावी मका करायचा, आणि आण्णांनीही मका केलेला. दुपारी दोघं सामानाच्या शेडबाहेर उलट्या बादल्यांवर बसून डबा खायचे. आण्णा त्याला 'पाव्हणं' म्हणायचे. आठवड्याभरात तोही त्यांना 'पावना' म्हणायला लागला. आण्णांची भाकरी त्याला आवडली, त्याच्या हिरव्या मिरच्या आण्णांना सपक लागल्या.

सुरुवातीला आमचा संघ सारखा हरत होता. मार्चमध्ये बर्फ पडत असताना सीझन सुरू झाला होता, आणि मे उजाडेपर्यंत घरच्या मैदानावर एकही विजय नव्हता. मग मधल्या फळीत खेळणारा आमचा कप्तान दुखापतीतून परतला. चौतीस वर्षांचा, या खेळाच्या मानाने म्हाताराच. पळायचा कमी, पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळायचं. तो आला आणि संघ जिंकू लागला. सराव संपला की तो आमच्या शेडकडे यायचा आणि विचारायचा, आज कुठे ओलं आहे, कुठे घट्ट आहे. बाकीच्या खेळाडूंना पायाखाली काय आहे याचं काही नसायचं. आण्णांना तो पाहताक्षणी आवडला. "ह्यो माणूस शेत बघून पाऊल टाकतो," ते म्हणाले.

जूनमध्ये आण्णांचं आणि माझं एकदा चांगलंच वाजलं. मैदानाच्या एका कडेला गवतावर तांबूस डाग पडायला लागले. आण्णा म्हणाले, पाणी कमी पडतंय. मी म्हटलं, बुरशी आहे, पात्यांवर ओल राहते म्हणून. पाणी दिलं तर वाढेल.

"चाळीस वर्षं पिकाला पाणी पाजलंय मी."

"हे पीक नाही, आण्णा."

औषध फवारलं, पाण्याची वेळ पहाटेची केली, दहा दिवसांत डाग गेले. आण्णा दोन दिवस घरीच बसले. म्हणाले, गुडघे दुखतायत. तिसऱ्या दिवशी आण्णांच्या या मेक्सिकन पाहुण्याने माझ्याजवळ त्यांच्यासाठी मक्याच्या पिठाचे दोन टमाले पाठवले, तेव्हा पुन्हा यायला लागले.

जुलैत मालकांनी स्टेडियम गाण्याच्या एका मोठ्या कार्यक्रमाला दिलं. उत्तरेकडच्या गोलसमोर स्टेज उभं राहिलं. खाली प्लास्टिकचे जाड तक्ते, वर लोखंड, आणि बाहेर अंगाची लाही करणारा उन्हाळा. पाच दिवसांनी तक्ते उचलले तेव्हा खालचं गवत उकडलेल्या पालेभाजीसारखं झालं होतं. वाससुद्धा तसाच.

ते सगळं खरवडून काढलं आणि सॉड आणलं. सॉड म्हणजे शेतात वाढवलेलं गवत मातीच्या थरासकट कापून, चटईसारखं गुंडाळून आणतात आणि जागेवर उलगडतात. थर जाड असला तर स्वतःच्या वजनाने लगेच बसतो. पातळ असला तर मुळं खाली उतरेपर्यंत थांबावं लागतं. इतक्या घाईत आम्हाला पातळ मिळालं. पुढची मॅच नऊ दिवसांवर होती.

आम्ही तिघांनी करता येण्यासारखं सगळं केलं. पाणी, रोलर, सांध्यांमध्ये वाळू. आण्णाही गुडघ्यांवर बसून हाताने सांधे दाबत होते. हेडने बघून न बघितल्यासारखं केलं.

मॅचच्या आदल्या दिवशी मी मोजमाप घेतलं. त्यासाठी एक उभ्या दांड्याचं यंत्र असतं. खाली खेळाडूच्या बुटासारखे खिळे, वर वजन. खिळे गवतात रोवून दांडा फिरवायचा. गवत किती जोर लावल्यावर सुटतं, तो आकडा वर दिसतो. मैदानभर आकडे छान आले. नव्या सॉडवर कमी आले, पण चालण्यासारखे. पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात मात्र आकडा नियमात बसणाऱ्या मर्यादेला जेमतेम शिवत होता. मी तीनदा फिरवून पाहिला. एकदा खाली, दोनदा किंचित वर; सरासरी पास.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: डावा कोपरा, सीमेवर. हेडने वाचलं. "पास आहे ना?" त्याने विचारलं.

"पास आहे," मी म्हटलं.

त्याने सही केली, मीही केली.

आण्णांसाठी मी त्या मॅचचं तिकीट काढलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते क्लबची निळी टोपी घालून पाहुण्याच्या बायकोशेजारी बसले होते. मी नेहमीसारखी खेळाडू बाहेर येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभी होते. पहिला हाफ संपायला थोडा वेळ होता. चेंडू डाव्या कोपऱ्यात आला. कप्तानाने तो छातीवर घेतला, उजवा पाय रोवला आणि वळला. पायाखालचं गवत सरकलं. सरकलेलं मी तिथून पाहिलं. वरचं शरीर वळलं, पाय सुटलेल्या गवतात अडकला, आणि तो खाली बसला. ओरडला नाही. गुडघा दोन्ही हातांत धरून नुसता बसला.

स्ट्रेचरवरून त्याला आत नेलं ते माझ्या अगदी शेजारून. त्याने डोळे मिटले होते. मागून कोच येत होते. मला पाहून थांबले आणि म्हणाले, "हे मैदान आहे की जाजम?"

हाफटाइममध्ये आम्ही तिघे हातात लांब दांड्याचे लोखंडी काटे घेऊन मैदान दुरुस्त करायला गेलो. तो कोपरा मी घेतला. तळहाताएवढा तुकडा सुटून उलटा पडला होता. मी तो उचलला. मुळं पांढरी, बोटाच्या पेराएवढी. वाळूत उतरलीच नव्हती. तुकडा जागेवर ठेवला, दाबला, वर वाळू टाकली. हेड बाजूने गेला आणि म्हणाला, "नंतर बोलू." मॅच आम्ही हरलो.

घरी जाताना गाडीत आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"थोडं होतं."

"मग सांगायचं."

"लिहिलं होतं, आण्णा. रिपोर्टमध्ये आहे."

"लिहिलंस. सांगितलंस का?"

घर येईपर्यंत मी रडत गाडी चालवली, आणि त्यांनी मला गप्प केलं नाही. दारात उतरताना एवढंच म्हणाले, "जेवून घे. मग उद्या काय ते बघ."

दुसऱ्या दिवशी कळलं, कप्तानाच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. त्याचा सीझन संपला. क्लबने कुणाला दोष दिला नाही. बैठकीत हेडने आकडे दाखवले, सगळे नियमात होते. कोचही नरमले, मला म्हणाले, काल रागात बोललो. सगळे माझ्याशी इतके नीट वागत होते, की मला तिथे बसवेना.

त्या रात्री जेवताना मी आण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ज्याचा पाय मोडला त्याला ठाऊक आहे का?"

"काय?"

"तू मोजलं होतंस ते."

"नाही."

"मग त्याला सांग."

नवरा म्हणाला, "आण्णा, इथे असं नसतं. उद्या केस वगैरे झाली तर?" मग माझ्याकडे वळून, "यार, तू आधी एचआरशी बोल." तो माझ्या काळजीनेच म्हणत होता. आण्णांनी एचआर म्हणजे काय ते विचारलं नाही. आमटी वाढून घेतली.

मी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी फिजिओच्या खोलीत गेले. ऑपरेशनची तारीख ठरली होती, तोपर्यंत सूज उतरावी म्हणून कप्तान पायाला बर्फ बांधून पडला होता. समोर टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीशी मॅच चालू होती. मी उभ्यानेच सांगितलं. मोजलं होतं, आकडा सीमेवर होता, एकदा त्याच्याही खाली आला, मी लिहिलं, पण थांबा असं कुणाला म्हटलं नाही.

त्याने टीव्हीवरून नजर काढली नाही.

"मी त्या दिवशी सकाळी तुला विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "तू शेडमध्ये नव्हतीस."

"मी रंगाच्या रेषा मारायला गेले होते."

"बरं." त्याने पायावरचा बर्फ नीट केला. "सांगितलंस ते बरं केलंस. आता जा, प्लीज."

मी बाहेर आले. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्तच खरं झालं. आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चिडू दे त्याला. त्याचा पाय आहे."

ऑगस्ट आणि सप्टेंबर कप्तान दिसला नाही. संघ त्याच्याशिवाय कसाबसा खेळत होता; एक मॅच जिंकायचा, एक हरायचा. मी रोज सकाळी त्या कोपऱ्यातून नळीसारख्या सुरीने मातीचा एक काप काढून मुळं मोजायचे. पहिले दोन आठवडे फार फरक नव्हता. मग हवा थोडी गार झाली आणि मुळं भराभर खाली गेली. सप्टेंबरअखेरीस काप ओढायला जोर लावावा लागत होता. आण्णा शेजारी बसून प्रत्येक काप हातात घेऊन बघायचे. त्यांना आता इंच कळायला लागले होते. "आज अर्धा जास्ती," ते पाहुण्याला बोटाने दाखवायचे, आणि तो मान हलवायचा.

ऑक्टोबरमध्ये घरची शेवटची मॅच होती. जिंकलो तर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत जाणार, नाहीतर घरी. त्या आठवड्यात दोन दिवस सतत पाऊस झाला. मॅचच्या आदल्या सकाळी बैठकीत कोच म्हणाले, सरावाच्या मैदानावर पाणी साचलंय, तर शेवटचा सराव स्टेडियममध्येच घेऊ. एकच तास.

हेड म्हणाला, "बघू, करता येईल कदाचित."

खोलीत दहाबारा माणसं होती. कोपऱ्यात कप्तान बसला होता. त्या आठवड्यापासून तो काठीशिवाय चालत होता आणि कोचला मदत करायला येत होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"नाही," मी म्हटलं.

कोच माझ्याकडे वळले. "एक तास मागतोय मी."

"आज एक तास खेळलात तर उद्या नव्वद मिनिटं नीट खेळता येणार नाहीत. वाळू पाण्याने भरलेली आहे. उत्तरेकडच्या गोलसमोर नाहीच, आणि बाकीही नको."

"आकडे काय म्हणतात?"

"आकडे पास आहेत," मी म्हटलं. "तरीही मी नको म्हणतेय."

हेडने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि पुन्हा ठेवली. मग म्हणाला, "ती नको म्हणतेय तर नको." कोच जोरात खुर्ची मागे सारून उठले. सराव शेवटी जवळच्या एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत झाला, लाकडी फरशीवर, आणि मला त्या दिवशी अर्ध्या संघाने हाय म्हटलं नाही.

बैठकीनंतर कप्तान बाहेर माझ्यासाठी थांबला होता.

"तेव्हा असं बोलली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"हो."

त्याने मान मैदानाकडे वळवून विचारलं, "आता कसं आहे तिथे?" मी त्याला घेऊन गेले. तो सावकाश चालत होता, पायऱ्यांवर कठडा धरून. आण्णा आधीच तिथे होते. मी सुरी दाबली, फिरवली, काप बाहेर काढला. मुळं सुरीच्या टोकापर्यंत होती. आण्णांनी काप माझ्या हातातून घेतला आणि कप्तानाच्या पुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा पाहिला, मुळं बोटाने ओढून पाहिली. मग आण्णांच्या निळ्या टोपीकडे बघून हसला. जुलैनंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

"हे कोण?" त्याने मला विचारलं. इतके महिने तो आण्णांना मैदानाच्या कडेला पाहत होता, पण कोण ते त्याला माहीत नव्हतं.

"माझे वडील. शेतकरी आहेत."

"वाटलंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली. आम्ही प्लेऑफला एका जागेने मुकलो. शेवटच्या मिनिटांत आमच्या एका पोराचा फटका खांबाला लागला आणि सगळं स्टेडियम उठून पुन्हा बसलं. मैदान मात्र शेवटपर्यंत टिकलं, डावा कोपरासुद्धा. हेड माझ्याजवळून जाताना म्हणाला, "चांगलं धरलं." त्याच्याकडून एवढं खूप होतं.

तीन दिवसांनी आण्णा परत गेले. पाहुणा विमानतळावर आला होता. दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ हातात धरले, आणि दोघंही आपापल्या भाषेत बोलत राहिले.

कप्तानाने त्या हिवाळ्यात खेळणं सोडलं. गुडघ्यामुळेच का, हे मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. पुढच्या सीझनपासून तो आमच्याकडेच सहायक कोच झाला. अजूनही सरावाच्या आधी शेडपाशी येतो, कुठे ओलं आहे विचारतो, आणि आता नव्या पोरांनाही सोबत आणतो. माझ्याशी नीट बोलतो. त्या मॅचबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मालकांनी या जुलैत पुन्हा गाण्याचा कार्यक्रम ठरवलाय. जानेवारीतल्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, की कार्यक्रम आणि पुढची मॅच यांच्यात मला तीन आठवडे हवेत. बरीच चर्चा झाली. अठरा दिवस मिळाले. जाड सॉडची ऑर्डर मी त्याच दुपारी देऊन टाकली.